श्री. कुलूपराव यांस

श्री. कुलूपराव,
मु. पो. विकत घेतलेल्या गाण्याच्या पोटात,
यांस सा. न. वि. वि.

जुना लॅपटॉप मोडीत निघाला, म्हणून इथे बेंगळुरूत नवा घेतला आणि पूर्वी पैसे मोजून घेतलेली नाट्यगीतं त्यावर चढवली. प्ले दाबताच आपण आडवे आलात: परवाना दाखवा! परवाना देणारं दुकान केव्हाच उठलं, हे आपल्याला कोणी कळवलेलं दिसत नाही. प्रॉपर्टीज उघडून डिटेल्स पाहिले, तर 'प्रोटेक्टेड: येस'. पावती आहे माझ्याकडे, पण ती आपण वाचत नाही.

शेजारच्या पोराने हीच गाणी कुठूनशी फुकट उचलली. त्याच्याकडे ती फोनवर वाजतात, गाडीत वाजतात, मित्राच्या स्पीकरवरही वाजतात. त्याला आपण कधी हटकलं नाहीत. त्याची-आपली ओळखच नाही. आपली सगळी मर्दुमकी पैसे भरणाऱ्यापुढे. उचलेगिरी केली तर माल अख्खा, दाम मोजले तर दुकान टिकेल तोवर! उद्या त्या पोराला 'गाणी विकत घे बाबा' असं कोणत्या तोंडाने सांगू?

आपल्या घराण्याची कीर्ती जुनीच. २००८ साली मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिक ह्या स्वतःच्या गाण्यांच्या दुकानाच्या गिऱ्हाइकांना कळवलं, की ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी परवाने मिळणार नाहीत. बोंबाबोंब झाली तेव्हा मुदत वाढली. २००९मध्ये अ‍ॅपलने तर गाण्यांवरून आपली उचलबांगडीच केली.

आणि ह्याच बेंगळुरूतल्या फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान मांडलं होतं. सहा रुपयांपासून गाणं, साधी एमपी थ्री, आपल्याला तिथे थारा नाही. जून २०१३मध्ये तेही बंद पडलं, पण ज्यांनी गाणी उतरवून जपून ठेवली, त्यांची अजून वाजतात. दुकान बुडालं म्हणून गिऱ्हाईक बुडालं नाही.

कायदा मात्र आपल्या बाजूचा. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं: हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद, वर दंड. कुलूप लावून किल्ली घेऊन पसार होणाऱ्याला काय? त्या कलमात चकार शब्द नाही.

छे, आपण-बिपण पुरे. अरे, पैसे मोजलेत मी! फुकट नाही मागत! सरक बाजूला!

...पण तुझ्यावर तरी किती ओरडू? मालकाने पाटी उतरवली, गाशा गुंडाळला आणि तुला सांगायचंही विसरला. बंद कारखान्याच्या गेटवर पास मागत बसलेला वॉचमन तू. सोड म्हणायला वर कोणी उरलं नाही, म्हणून अडवतोस. एवढ्या इमानी नोकराच्या लायकीचं ते दुकान नव्हतं.

तुझे मालक दुसऱ्या पाटीखाली पुन्हा दुकान थाटून बसले असतील, तर एवढा निरोप दे: किमतीच्या शेजारी, किमतीएवढ्याच अक्षरांत छापा की हे गाणं विकलेलं नाही, आमची मर्जी असेतोवर वापरायला दिलंय. मग बघू कोण पाकीट काढतो ते.

कळावे. लोभ नसावा.

आपला,
पावतीपुरता मालक