आन् म्हटलं की चहा

अमरावतीत राजकमल चौकाच्या आसपास हल्ली एक तरी जर्मनभाऊ सापडतोच. तुम्हाला भेटला नसेल, तर तुम्ही चहा घरीच पीत असणार. वय सत्तावीसच्या आगेमागे, आयटीआयचं इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट, खिशात शब्दांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, आणि सुरू केलेलं वाक्य कधी संपेल याची काहीच हमी नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. सुरुवातीला १०,००० जण जाणार, असं जाहीर झालं. बाकीची पोट्टी त्या राज्याचं नाव उच्चारण्यातच दमली. जर्मनभाऊ थेट व्याकरणात घुसला आणि ‘ट्रेनबार’ क्रियापदांपाशी जाऊन अडकला. ट्रेनबार म्हणजे तुटणारी, सुटी होणारी. अकोल्याच्या मामांनी हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा विचारलं होतं, “कोन्त्या ट्रेनमंदी बार सुरू झाला बे?”

आता ‘आनरूफेन’ घ्या, म्हणजे फोन करणे. वाक्यात आलं की त्यातलं ‘रूफेन’ दुसऱ्या जागेवर बसतं आणि ‘आन्’ सुटून वाक्याच्या पार टोकाला जातो. मधल्या जागेत कोणाला, कधी, कुठून, कशासाठी, सगळा गोतावळा मावतो. ‘आन्’ येईपर्यंत हा माणूस फोन करणार आहे की नुसत्या हाका मारणार आहे, ते समजत नाही. जर्मनभाऊला ही गंमत इतकी आवडली की तो टपरीवर रोज तिचा प्रयोग लावतो. “इश रूफे दिश...” म्हणून बोट वर करतो आणि मधला मजकूर वऱ्हाडीत भरत जातो: “आज संध्याकाळी... मामाच्या घरून... गिला वडा खाऊन झाल्यावर... मोबाइलले रेंज असली तं...” सगळे श्वास धरून बसतात. मग एकदम टेबलावर थाप मारून, “आन्!”

टपरीवरचा पोऱ्या निमूटपणे आणखी एक कटिंग आणून ठेवतो. त्याचं काय चुकलं? वऱ्हाडात ‘आन’ म्हटल्यावर आणायचंच असतं. ‘आनकोमेन’ म्हणजे पोहोचणे, ‘आनफांगेन’ म्हणजे सुरू करणे. तीन उदाहरणं झाली की टेबलावर तीन चहा. महिनाअखेरी उधारीची वही बघून जर्मनभाऊने उपसर्ग बदलून ‘आउफ’ आणि ‘मित’वर यायचं ठरवलं, पण सवय कुठली सुटते!

खरा धोका रस्त्यावर. अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. त्याच रस्त्याने मित्राच्या गाडीतून जाताना समोर गाय आली. जर्मनभाऊ ओरडला, “उमफारेन कर!” आणि लगेच समजावू लागला, की यात दोन प्रकार आहेत. ‘उम’वर जोर दिला तर तो सुटा होऊन मागे जातो आणि अर्थ होतो गाडीने पाडणे, ‘फा’वर जोर दिला तर शब्द तुटत नाही आणि अर्थ होतो वळसा घालणे. “म्हंजे पाय, उम मांगं गेला का गाय गेली.” मित्राने तोवर ब्रेक मारला होता. गाय दोन्ही अर्थ न ऐकता निघून गेली.

बोलण्यातल्या भूतकाळात ‘आन्’ आणि ‘रूफेन’ ही जोडी पुन्हा एकत्र येते, पण ‘आनगेरूफेन’ अशी. एसटीत तिघांच्या सीटवर चौथा “जरा सरका” म्हणत घुसावा तसा मध्ये ‘गे’. मार्क ट्वेनने १८८० सालीच या क्रियापदांबद्दल छापील रडगाणं गायलंय, असं कोणी सांगितलं तर जर्मनभाऊ म्हणतो, “त्याले मराठी कुठं येत होती बाप्पा!” कारण त्याचा स्वतःचा एक सिद्धांत आहे. ‘वाइल’, म्हणजे ‘कारण’, आलं की क्रियापद उपसर्गासकट वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं, अगदी आपल्यासारखं. “वाइल आलं का जर्मन मानूस सीधा वऱ्हाडी होते!” सिद्धांत धाडसी आहे, पण उदाहरण चूक नाही.

त्याचं स्वतःचं ‘वाइल’ मात्र तो फारसं बोलत नाही. बापाची पाच एकर कोरडवाहू, त्यात कपाशी नाहीतर सोयाबीन, आणि कंत्राटी नोकरी अकरा महिन्यांची. टपरीवर हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, म्हणून विचारतही कोणी नाही.

ग्योटे संस्थेच्या, म्हणजे आपल्या मॅक्स म्युलर भवनच्या, बी-१ परीक्षेचे चार भाग असतात: वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत आणि भाग वेगवेगळे देता येतात, परीक्षाही ट्रेनबारच. जर्मनभाऊचे तीन सुटले, बोलणं राहिलं. दिवसभर बोलणाऱ्या माणसाचं बोलणंच राहावं, यावर टपरी आठवडाभर हसली. दर्यापूरकडच्या ज्या नर्सला त्याने फुकट शिकवलं, ती मात्र चारही भाग सोडवून श्टुटगार्टला पोहोचली. तिच्या शिकवणीचा एकही रविवार त्याने चुकवला नव्हता. तिचा पहिला फोन आला तेव्हा त्याने सगळ्या टपरीला चहा पाजला, आणि तोही शुद्ध मराठीत सांगून.

बोलण्यात तो पडतो कुठे, हे घरात ऐकू येतं. संध्याकाळी अंगणात येरझाऱ्या घालत पाठांतर चालतं. ‘त्सुरुककोमेन’ म्हणजे परत येणे. “इश कोमे नाख ड्राय यारेन...” तीन वर्षांनी, पैसे साठवून, बहिणीच्या लग्नाला, अमरावतीला... वाक्य लांबत जातं आणि दुसऱ्यांना उपसर्ग शिकवणारा हा गडी ऐन टोकाला येऊन शेवटचा शब्द विसरतो. मग आतून, तुरीच्या शेंगा सोलता सोलता, माय खेकसते:

“त्सुरुक म्हन ना रे पोट्ट्या, त्सुरुक!”