अहस्तांतरणीय मालमत्ता

मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात खासगी मालमत्ता ही संस्था कागदोपत्री अस्तित्वात असली, तरी प्रत्यक्ष वहिवाटीत तिचा अंमल फारसा चालत नाही. छत्री ज्याच्या मालकीची असते तोच पावसात भिजतो, वर्तमानपत्र ज्याच्या नावाने येते त्याच्या हाती ते शब्दकोडे दुसऱ्याने सोडवून झाल्यावर पडते, आणि मोबाइलच्या चार्जरवर तर शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत सर्वांचा वहिवाटीचा हक्क सिद्ध झालेला असतो. अशा वातावरणात हयात घालवलेल्या मनुष्याच्या मनात, मागणाऱ्याला संतोषाने दिली तरी त्याला जिचा काडीचाही उपयोग होऊ नये, अशा एखाद्या वस्तूची अभिलाषा उत्पन्न झाली, तर तिला लोभ म्हणणे अन्यायाचे होईल. माझी ती अभिलाषा पन्नाशी उलटल्यावर का होईना, पुरी झाली. माझ्या आणि केवळ माझ्याच कानांचे साचे घेऊन घडवलेली इअरफोनची एक जोडी आज माझ्या ताब्यात आहे.

ही वार्ता कळताच आमचे मामा, जे तालुका कचेरीत अव्वल कारकून होते आणि निवृत्तीनंतरही प्रत्येक वस्तूकडे तिच्यावर बोजा किती चढवता येईल या दृष्टीनेच पाहतात, चौकशीला आले. किंमत तीस हजारांच्या घरात आहे हे ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"उद्या विकायला काढलेस तर किती येतील?"

"काही येणार नाहीत, मामा. दुसऱ्याच्या कानात हे बसत नाहीत."

"गहाण?"

"कोण ठेवून घेणार?"

"बरं, तुझ्यामागे चिरंजिवांना तरी?"

"त्याचे कान त्याच्या आईवर गेलेत."

"म्हणजे विक्री नाही, तारण नाही, वारसा नाही. अरे, याला मालमत्ता म्हणत नाहीत, याला खर्च म्हणतात!"

मामांनी नोंदवलेल्या तिन्ही बाबी बिनचूक होत्या. निष्कर्ष मात्र मला मान्य नव्हता, कारण त्या तीन नकारांसाठीच तर मी ते तीस हजार मोजले होते.

मनुष्याच्या कानाइतका स्वतंत्र बाण्याचा अवयव दुसरा नसेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या पोलिसखात्यात आल्फोन्स बर्तियाँ नावाचा एक गृहस्थ गुन्हेगारांच्या अंगाची मापे घेऊन त्यांची दफ्तरे तयार करीत असे, आणि गुन्हेगाराने दाढी वाढवली, नाव बदलले, तरी त्याचा कान त्याची ओळख पटवून देतो, असा त्याचा सिद्धांत होता. दोन माणसांचे कान सारखे नसतात ही गोष्ट तर सोडाच, एकाच माणसाचे दोन कानसुद्धा तंतोतंत सारखे नसतात. असे असता बाजारात मिळणाऱ्या इअरफोनबरोबर रबराच्या लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन टोप्या देऊन अखिल मनुष्यजातीची वासलात लावण्यात येते! माझा डावा कान मध्यम वर्गात कसाबसा सामावत असे. उजव्याला मात्र लहान टोपी सैल होई आणि मध्यम टोपी खुपत असे, त्यामुळे लोकलच्या प्रत्येक धक्क्यासरशी उजवा इअरफोन बाहेर पडून सहप्रवाशांच्या पायांत नाहीसा होई, आणि तो शोधण्यासाठी अनोळखी माणसांच्या चपलांपुढे साष्टांग नमस्कार घालण्याची वेळ माझ्यावर येत असे.

कानाची मोजणी हा मात्र जमिनीच्या मोजणीइतकाच गंभीर विधी आहे. श्रवणतज्ज्ञ बाईंनी प्रथम दिव्याच्या दुर्बिणीतून दोन्ही कानांची पाहणी केली आणि आधी डॉक्टरांकडून मळ काढून आणण्याचा हुकूम दिला. तो अमलात आल्यावर दोरा बांधलेला स्पंजाचा एक इवलासा बोळा कर्णनलिकेच्या दुसऱ्या वळणापलीकडे सरकवण्यात आला. ओतायचे द्रव्य पडद्यापर्यंत पोहोचू नये म्हणून हा बांध घालावा लागतो. बोळा आत शिरताच मला खोकल्याची उबळ आली. बाईंना त्याचे काहीच नवल वाटले नाही. कानाच्या त्या भागात व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक शाखा येते, तिला स्पर्श झाला की काही लोक खोकतात, आणि या प्रकाराला आर्नोल्ड या जर्मन शरीरशास्त्रज्ञाचे नाव आहे, असे त्यांनी सांगितले. माझ्या खोकल्याला इतके प्रतिष्ठित कुलगोत्र असेल याची मला कल्पना नव्हती.

नंतर दातांमध्ये एक ठोकळा देऊन त्यांनी मला तोंड उघडे ठेवायला सांगितले, कारण जबडा हलला की कर्णनलिकेचा आकार बदलतो, आणि मिटल्या तोंडाने घेतलेला साचा गाताना किंवा बोलताना सैल पडण्याचा संभव असतो. मी गात नाही. परंतु ऐकताना चुकीच्या जागी 'वा' म्हणण्याची सवय मला आहे, तेव्हा तेवढी तरतूद आवश्यकच होती. पिचकारीतून थंडगार सिलिकॉन दोन्ही कानांत भरले गेले, आणि ते घट्ट होईपर्यंतची पाचेक मिनिटे, ऐकू येत नाही आणि तोंड उघडे असूनही बोलता येत नाही, अशा अवस्थेत मी समोरच्या भिंतीवरील कानाच्या रंगीत तक्त्याकडे पाहत बसलो. साचे बाहेर निघाले तेव्हा ते ओल्या आल्याच्या दोन वाकड्यातिकड्या तुकड्यांसारखे दिसत होते. आपल्या डोक्यात इतके नागमोडी भुयार आहे हे कळल्यावर, शाळेत सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी आत का पोहोचल्या नाहीत याचा मला उलगडा झाला.

हे साचे मग कारखान्यात जातात, तेथे संगणक त्यांची प्रतिमा घेतो, तीवरून ॲक्रिलिकचे कवच छापले जाते आणि त्या कवचात तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढे ध्वनिवर्धक बसवले जातात. 'बॅलन्स्ड आर्मेचर' म्हणून ओळखले जाणारे हे ध्वनिवर्धक वाढले ते श्रवणयंत्रांच्या घरात. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी जे यंत्र झिजले, तेच पुढे नीट ऐकू येणाऱ्यांची चैन झाले. आमचे आजोबा आपले श्रवणयंत्र टोपीखाली लपवीत असत; त्याच यंत्राचा हा वंशज मी निळ्या पारदर्शक रंगात मुद्दाम मागवून घेतला आहे, आणि तो कोणाच्या नजरेस पडला नाही तर मला वाईट वाटते.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींत या वस्तूचा बोलबाला झाला तो 1995 च्या सुमारास. अमेरिकेतील व्हॅन हेलन या गर्जनाप्रिय वाद्यवृंदाचा ध्वनियंत्रज्ञ जेरी हार्वी याने त्यांचा ढोलवादक ॲलेक्स व्हॅन हेलन याच्यासाठी अशी जोडी तयार केली, आणि त्यातून पुढे 'अल्टिमेट इअर्स' ही कंपनी उभी राहिली. तोवर बहुतेक कलावंतांना स्वतःचा आवाज ऐकण्यासाठी रंगमंचावर पायापाशी ठेवलेल्या कर्ण्यांवर अवलंबून राहावे लागे. ढोल मोठा म्हणून कर्णा मोठा, कर्णा मोठा म्हणून गिटार मोठी, अशा चढाओढीत बिचाऱ्या कानांचा निकाल लागत असे.

माझा रंगमंच म्हणजे लोकलचा डबा, आणि माझ्या जोडीचे खरे मोल तेथेच कळते. कानात चपखल बसलेले कवच बाहेरचा गोंगाट सुमारे 25 डेसिबेलने अडवते. आपण लोकलमध्ये आवाज वाढवतो तो गाणे नीट ऐकू यावे म्हणून नव्हे, डबा ऐकू येऊ नये म्हणून; आणि कानाच्या दरबारात या चुकीला माफी नाही. 85 डेसिबेलचा आवाज दिवसाला 8 तास सोसावा, पुढे दर 3 डेसिबेलला ही मुदत निम्म्यावर येते आणि 100 डेसिबेलला जेमतेम 15 मिनिटे उरतात, असा व्यावसायिक सुरक्षिततेचा एक प्रचलित दंडक आहे. डबाच दाराबाहेर राहिला की गाणे हळू लावूनही पुरते. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या तानेच्या आधीचा श्वास आणि तंबोऱ्याच्या जवारीची झणझण मला दादर आणि कुर्ला यांच्या दरम्यान ऐकू आली, ही गोष्ट मी मामांना सांगितली, तेव्हा त्यांनी विचारले, "आणि कुर्ला आलेलं ऐकू आलं का?" ते आले नव्हते. घाटकोपरला उतरून परत फिरावे लागले.

दोष नाहीत असे नाही. कान बंद झाला की स्वतःच्याच देहाचा कारभार फार मोठ्याने ऐकू येतो. ही जोडी घालून चिवडा खाणे म्हणजे खडी फोडण्याच्या यंत्रात वास्तव्य करणे होय, आणि स्वतःची पावले तर पाठलागावर असल्यागत वाजतात. रस्त्यावर ती घालू नये हे उघडच आहे. शिवाय वजन किंवा वय वाढले की कानाचा आकार थोडाफार बदलतो, आणि मग नव्याने मोजणी करावी लागते. तेव्हा ही मालमत्ता तहहयात नसून भाडेपट्ट्याचीच आहे, इतक्यापुरते मामांचे म्हणणे मी मान्य करतो.

परंतु परवा भाचा आला, नेहमीच्या अधिकाराने त्याने टेबलावरची डबी उघडली, जोडी उलटसुलट करून पाहिली, डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे घालून बघितले, आणि शेवटी "मामा, तुमचे कान जरा विचित्रच आहेत," असे म्हणून ती जागच्या जागी ठेवून दिली. माझ्या घरात माझी एखादी वस्तू परत मिळण्याचा प्रसंग पुष्कळ वर्षांनी घडत होता, आणि तोही मी तोंड न उघडता.

ज्या वाचकांना हा मार्ग पत्करावासा वाटेल त्यांनी कानातला मळ अगोदर काढून घ्यावा, साचा तोंड उघडे ठेवूनच द्यावा, आणि जोडी हाती येताच ती पेटीत न ठेवता रोज घालून पाहावी. कुठे खुपल्यास अनेक कारखाने विनामूल्य दुरुस्ती करून देतात, परंतु त्यासाठी बहुधा 30 दिवसांची मुदत असते, आणि मुदतीनंतर आलेला अर्ज दाखल करून घेतला जात नाही.