फॉरमॅटदादा

आष्ट्यात वाढदिवस फ्लेक्सशिवाय होत नाही आणि फ्लेक्स फॉरमॅटदादाशिवाय होत नाही. तो कधी स्वतःच्या डीटीपीच्या दुकानात सापडतो, कधी झेरॉक्सच्या काउंटरमागे, तर कधी मित्राच्या दुकानात उगाचच टेकलेला. त्याच्या कॉम्प्युटरवर कोरल ड्रॉ कायम उघडं. डेस्कटॉपवर ‘फायनल’, ‘फायनल न्यू’ आणि ‘फायनल न्यू लास्ट’ अशा फायली. ब्राउझरमध्ये फुकट कन्व्हर्टरच्या टॅबची रांग.

दुकान बंद करायच्या वेळी कार्यकर्ता येतो. “दादा, सकाळी सातला चौकात लागला पायजे. फोटो टाकलाय बघा व्हॉट्सॲपला.”

फोटो म्हणजे नेत्याच्या डीपीचा स्क्रीनशॉट.

“भावा, फाटतोय की ह्यो.”

“मग एचडी करा की!”

इथं दादाची कॉलर ताठ होते. तो फाइल कन्व्हर्टरवर टाकतो, ‘जेपीजी टू पीएनजी’ निवडतो आणि हिरवी पट्टी पुढं सरकताना दोघेही श्वास रोखून बघतात. साठ केबीची फाइल सहाशे केबीची होऊन परत येते. “बघ, धापट झाला!” कार्यकर्त्याचा जीव भांड्यात पडतो. वजन वाढलं म्हणजे दर्जा वाढला, यावर दोघांचीही श्रद्धा आहे.

प्रत्यक्षात वाढलेली असते ती फक्त फाइल. १९९२ साली प्रमाणित झालेलं जेपीईजी, म्हणजेच जेपीजी, चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देतं. १९९६ चं पीएनजी काहीच टाकत नाही, हातात येईल ते जसंच्या तसं जपतं. म्हणजे जेपीईजीनं पाडलेले चौकोनही इमानानं जपतं. चिपाड दुसऱ्यांदा चरकात घातल्यावर रस निघत नाही, हे आष्ट्याच्या ऊसवाल्याला सांगायला नको. (सांगली जिल्ह्यात पीएनजी म्हटलं की आधी १८३२ पासूनची सराफी पेढी आठवते, फॉरमॅटवरही सोन्याइतका विश्वास बसलाय तो कदाचित त्यामुळेच.) ६४० पिक्सेलचा डीपी चार फूट रुंद छापला की इंचाला जेमतेम तेरा पिक्सेल येतात. तरी फ्लेक्स लागतो, मिरवतो. कारण तो उंचावर असतो आणि लोक गाडीवरून बघतात. दादाची अब्रू या अंतरानंच राखली आहे.

मंडळाच्या लोगोनं मात्र तो हैराण होतो. लोगोमागचा पांढरा चौकोन घालवायला तो पुन्हा जेपीजीचं पीएनजी करतो. पीएनजीत पारदर्शक पार्श्वभूमी राहू शकते हे खरं, पण मूळ फायलीत ती नव्हतीच. पांढरा चौकोन जागेवरच. मग नवा कन्व्हर्टर, पुन्हा तोच चौकोन. शेवटी पार्श्वभूमी हातानं कापतो, आणि हे काम त्याला खरोखर झकास जमतं.

बँकेच्या परीक्षांचे फॉर्म सुटले की गंगा उलटी वाहते. आयबीपीएसला फोटो २० ते ५० केबीत लागतो, सही १० ते २० केबीत. डांगे इंजिनिअरिंग कॉलेजचा एखादा पोरगा आयफोनवरचा फोटो घेऊन येतो. ॲपलनं २०१७ मध्ये फोटोंसाठी एचईआयसी आणलं. त्यात जागा वाचते, पण फॉर्म ते घेत नाही. घाईत कुणी फायलीच्या नावापुढचं एचईआयसी खोडून जेपीजी लिहितं. नाव बदलून फाइल बदलत नाही, हे मात्र दादा ठणकावून सांगतो. मग तो खरं कन्व्हर्जन करतो, २०० बाय २३० पिक्सेल बसवतो आणि ४८ केबीवर आणून थांबतो. त्या क्षणी तो तालुक्यातला सगळ्यात उपयोगी माणूस असतो, यात चेष्टा नाही.

एक खोड तेवढी जात नाही. पोराचा फोटो असो की म्हातारीचं आधार कार्ड, सगळं तो त्याच फुकट साइटवर चढवतो. ती फाइल कुणाच्या सर्व्हरवर जाते, हा प्रश्न त्याला पडत नाही. वास्तविक गूगलचं स्क्वूश फोटो ब्राउझरमध्येच बदलतं, फाइल बाहेर जातच नाही. पण त्यात हिरवी पट्टी सरकताना दिसत नाही, आणि गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटत नाही.

तर आष्टेकरांनो, पुढचा फ्लेक्स सांगताना डीपीचा स्क्रीनशॉट पाठवू नका. ज्यानं फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागा आणि व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून टाका. आणि जमलं तर रात्री नऊच्या आत.