खोली पाहावी मे महिन्यात

भाच्याचा बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात आम्ही कोल्हापुरात खोली धरली. कॉलेज अजून ठरायचं होतं. पण कॉलेज काय, कुठंतरी मिळतंच. खोली मिळत नाही. बहिणीनं हे काम माझ्यावर सोपवलं ते योग्यच झालं. मी स्वतः शिकायला होतो तेव्हा राजारामपुरीत तीन वर्षांत पाच खोल्या बदलल्या होत्या. खोली निवडण्याचा एवढा अनुभव आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाला नाही.

खोली पाहावी ती मे महिन्यात, भर दुपारी. तेव्हा तिची तब्येत उत्तम असते. नवा रंग मारलेला, भिंती खडखडीत, खिडकीतून ऊन आत येऊन फरशीवर बसलेलं. जुलैत त्याच भिंतींवर हिरवट नकाशे उमटतात, चादरीला वास येतो आणि सोमवारी धुतलेला बनियन शुक्रवारी ओलाच अंगात घालावा लागतो, हे मला ठाऊक आहे. पण म्हणून पावसात खोली पाहायला जाणं म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाचा फोटो काढण्यासारखं आहे. माणुसकी म्हणून काही असते.

शाहूपुरीतली ही खोली मला एका नजरेत पसंत पडली. मालकांनी आपण होऊन सांगितलं, "मागनं नाला जातोय, पण त्याचा कायबी त्रास न्हाई." मे महिन्यात खरोखरच नव्हता.

"२०१९ला पाणी आलं होतं का हो इथं?" मी विचारलं. अगदीच काही न विचारणं बरं दिसत नाही.

"आलंतं की. पण तवा सगळीकडंच आलंतं."

"आणि २०२१ला?"

"तवा पण सगळीकडंच."

हा खुलासा मला पूर्ण पटला. जे सगळ्यांचं झालं ते आपलंही झालं, यात खोलीचा काय दोष? मी डिपॉझिट मोजून दिलं. पावती मागितली नाही. मालकांच्या भिंतीवर जोतिबाचा फोटो होता, त्याच्यासमोर कागदाची भाषा करणं मला जमलं नसतं.

पुढं जूनअखेरीस भाच्याला बी.एस्सी. भाग एकला प्रवेश मिळाला तो विद्यानगरच्या बाजूला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. घरात थोडी कुरकुर झाली. मी समजावलं, की के.एम.टी.त उभं राहून रोज दोन वेळा प्रवास केला की पोराला शहर कळतं. विद्यापीठाच्या आवारात राहणाऱ्या पोरांना काय दिसतं? मोर.

आता रूम पार्टनर. या बाबतीत माझं मत पहिल्यापासून पक्कं आहे: पार्टनर गावचाच हवा. आम्ही आजऱ्याचीच आणखी तीन पोरं घेतली आणि चौघांना एका खोलीत घातलं. चौघं बालवाडीपासून एका वर्गात. त्यामुळं एकमेकांना विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही. पहिल्या आठवड्यात कळलं, की एकाला दिवा चालू असल्याशिवाय झोप येत नाही आणि दुसऱ्याला दिवा चालू असला की येत नाही. तिसरा पहाटे साडेचारला तालमीत जायचा गजर लावतो, गजर वाजला की बंद करतो आणि झोपतो; जागे होतात ते बाकीचे तिघं. बारा-चौदा वर्षांची मैत्री असून एवढं साधं माहीत नव्हतं, असं कुणी म्हणेल. मी म्हणतो, माहीत नव्हतं म्हणूनच मैत्री बारा-चौदा वर्षं टिकली.

ही खोली पाहायला आमच्या आधी एक शहरी दिसणारा पोरगा आला होता. त्याच्या हातात चक्क प्रश्नांचा कागद. रात्री किती वाजता झोपता? घोरता का? भांडी कोण घासणार? मित्र मुक्कामाला आले तर? लाइट बिल कसं वाटायचं? ऐकून मला लाज वाटली. आपल्याकडं लग्न ठरवताना दोन्ही घरची तीस-तीस माणसं पोहे खात बसतात, पण मुलगा घोरतो का असं एक तरी माणूस विचारतं का? जन्माच्या गाठी ज्या सभ्यतेनं बांधल्या जातात, तीच अकरा महिन्यांच्या खोलीला लावायला काय हरकत आहे? मालकांनाही तो पोरगा पटला नाही. "लई विच्यारतोय," एवढंच म्हणाले.

मालक स्वतः फार विचारत नाहीत. एकच प्रश्न विचारतात.

"आडनाव काय पोराचं?"

मी सांगितलं.

"म्हंजी आपल्यातलंच की!" आणि भाडं शंभर रुपयांनी उतरलं.

काही लोक या प्रश्नावर नाकं मुरडतात. त्यांना कोल्हापूरचा इतिहास माहीत नसतो. हे शहर वसतिगृहांची जननी. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ साली आधी सगळ्या जातींच्या पोरांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. सगळ्यांसाठी काढलेल्या त्या वसतिगृहात पोरं मात्र जवळजवळ एकाच जातीची जमली. मग १८ एप्रिल १९०१ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच साली जैनांचं, १९०६ला मुस्लिम बोर्डिंग, पुढं वीरशैव लिंगायतांचं, आणि १९०८ला, ज्या पोरांना कुणी ओसरीवरही उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी, मिस क्लार्क होस्टेल. हे सत्र महाराज गेले त्या १९२२ सालापर्यंत चालू राहिलं. दसरा चौकात उभं राहिलं तर महाराजांच्या पुतळ्याभोवती यांतली काही बोर्डिंगं आजही दिसतात. डोकं टेकायला जागा नाही एवढ्याच कारणानं खेड्यातलं पोर शाळेविना राहू नये, म्हणून जागा, इमारती, देणग्या असा फार मोठा उपद्व्याप महाराजांनी केला.

आम्ही त्यातला झेपेल तेवढा भाग पुढं चालवतो. जागा देणं, पैसे उभे करणं ही राजेलोकांची कामं. आडनाव विचारणं हे गरिबालाही परवडतं.

कधीकधी मात्र मनात येतं, स्वतः महाराजच खोली मागायला आले असते तर आमच्या मालकांची पंचाईत झाली असती. जन्म कागलच्या घाटग्यांच्या घरात, नाव यशवंतराव. १८८४ला दत्तक गेल्यावर आडनाव भोसले. त्यात मुसलमान पोरांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थेचे अध्यक्ष हे स्वतः. फॉर्मवर नेमकं काय लिहायचं? मालकांनी दोन मिनिटं विचार केला असता आणि म्हणाले असते, "कळवतो."

मेसचं फार सांगत नाही. मेस महिन्याच्या एक तारखेला चाखून निवडावी, त्या दिवशी रस्सा खरोखर तांबडा असतो. आधी पूर्ण महिन्याचे पैसे भरावेत, म्हणजे खाडा धरतात का नाही हा वाद पुढच्या महिन्यासाठी शिल्लक राहतो. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद, हे तर पोटाच्या आरोग्याचं शास्त्र आहे. बहिणीनं सोबत दहा किलो घनसाळ तांदूळ दिला होता. खोलीत शिजवायला बंदी असल्यामुळं तो अजून तसाच आहे, खोलीत वास मात्र घरचा येतो.

एक गोष्ट माझ्याकडून विचारायची राहून गेली, हे कबूल करतो. फुटबॉल. कोल्हापुरात चार दिवस राहिलं की पोरगं कुठल्या ना कुठल्या तालमीच्या संघाचं होतं. आमच्या चौघांतले दोघं पाटाकडीलचे झाले, एक खंडोबाचा, आणि भाचा शिवाजी तरुण मंडळाचा. शाहू स्टेडियमवरच्या मॅचचा विषय निघाला की त्या रात्री खोलीत कुणी कुणाशी बोलत नाही. अभ्यासाला फार पोषक वातावरण.

मग जुलै आला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथलं पोर बाराखडीबरोबर शिकतं. आमची पोरं आजऱ्याची, ती फोनवर आकडे बघत बसली. ४१ झाले तेव्हा नाल्यानं मालकांच्या मागच्या दाराची चौकशी केली. २०१९ला पाणी उपसा केंद्रंच बुडाल्यामुळं दारात नदी आणि नळ कोरडे अशी शहराची गत झाली होती. ती आठवण काढून मालकांनी पोरांना बादल्या भरून ठेवायला लावल्या. यंदा तसं काही झालं नाही. पाणी पायरीला लागून परत गेलं. मे महिन्यात पाहिलेल्या खोलीला याहून जास्त यश ते काय हवं?

तरी परवा भाच्याचा फोन आला.

"मामा, मी खोली बदलली. कॉलेजजवळ कॉट मिळाली. चालत जातो."

"पार्टनर कोण?"

"एकच आहे. भेटल्या भेटल्या मला विचारलं, घोरतोस का म्हणून. मी म्हटलं, थोडं. तो म्हणाला, मी पण. मग ठरलं."

मी मन घट्ट करून विचारलं, "गाव कुठलं त्याचं?"

"सांगलीकडं कुठंतरी. नीट लक्षात नाही."

"आणि आडनाव?"

पलीकडं जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "ते विचारायचं राहिलं, मामा. पंधरा दिवस झाले, मध्ये विषयच निघाला नाही."

पोरगं हाताबाहेर चाललंय. बहिणीला मी अजून काही सांगितलेलं नाही. येत्या रविवारी रात्री, मेस बंद असते तेव्हा, दोघांना जेवायला बाहेर नेण्याच्या निमित्तानं मीच जाऊन विचारून येतो. येताना शाहूपुरीत थांबून डिपॉझिटचंही बघायचं आहे. मालक फोनवर म्हणाले, "कळवतो."