रात्री भूत, सकाळी काका

तात्यांना भूत रात्री खरं लागतं आणि सकाळी खोटं. सहकारी बँकेत कॅशियर म्हणून त्यांची उभी हयात गेली. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय उठायचं नाही, ही सवय निवृत्तीनंतर कादंबऱ्यांच्या वाट्याला आली. मध्यरात्री वाड्याचा दरवाजा आपोआप उघडला, तर उघडू दे. पण कोणी उघडला, याची पावती शेवटच्या प्रकरणाआधी फाटलीच पाहिजे.

सध्या वाचनालयातून आणलेली एक जाडजूड कादंबरी चालू आहे. तळ्याकाठचं गाव, धुकं, पाण्यावरून चालत येणारी पांढऱ्या साडीतली बाई, आणि दर अमावास्येला गावातला एक माणूस गायब. रात्री साडेदहाला तात्या चष्मा पुसून बसतात. पॅसेजमधला दिवा चालू. का, तर डास. काकू पलीकडे झोपायच्या प्रयत्नात.

"अगं, झोपलीस?"

"झोपले."

"सहज विचारलं."

चार पानांनी पुन्हा सहज. बाई काठाला लागली की तात्यांना तहान लागते, पण माठ स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरात अंधार. मग काकूंनाच तहान लागली असेल, असा त्यांचा आग्रह सुरू होतो. शेवटी पुस्तक मिटून देवघराच्या फळीवर जातं आणि त्याच्यावर ज्ञानेश्वरी येते. जागा नाही दुसरीकडे, असं कारण सांगतात. बाजूचं कपाट अर्धं रिकामं आहे.

सकाळी चहाबरोबर मात्र जो माणूस बाहेर येतो, तो पक्का विवेकवादी. "भूतबित काय नसतंय वो. इस्टेटीची भानगड आहे. काका असणार बघा." मराठी रहस्यकथेत पांढरी साडी नेसून पोरक्या पुतणीला घाबरवण्याचं काम काकांनी पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेनं केलं आहे, तेव्हा तात्यांचा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. शिवाय ते बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेले. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांचा झुंजार असो की धनंजय, शेवटी गुन्हेगाराची मानगूट हातात यायची. पुढे कोणीतरी त्यांना नारायण धारप दिले. तिथं भूत म्हणजे भूतच. पुरावा मागायला गेलेला माणूसच परत येत नाही. तात्यांनी धारप सगळे वाचले, प्रत्येक पुस्तक परत करताना कुरकुर केली आणि त्याच खेपेला पुढचं घेतलं.

त्यांच्या बाजूनं एक मोठा साक्षीदार आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्यानं 1929 मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले आणि त्यांत दैवी-अमानवी शक्तींना सरळ मज्जाव केला. देवाधर्माचा माणूस, पण कादंबरीत भुताला थारा नाही! हे सांगितल्यावर तात्या खूश झाले. उलट कॉनन डॉयलनं बास्करव्हिलच्या सैतानी कुत्र्यामागचा फॉस्फरस शेरलॉक होम्सकरवी उघडा पाडला आणि स्वतः उतारवयात मृतात्म्यांशी बोलणाऱ्यांच्या बैठकींवर विश्वास ठेवत फिरला. हे मी सांगितलं रात्री. तात्यांना ते आवडलं नाही.

रंकाळा घरापासून हाकेच्या अंतरावर असल्यानं तळ्याच्या बाबतीत ते कोणाचं ऐकत नाहीत. "सांजचं सातला बाई पाण्यातनं आली म्हणे. आमच्या चौपाटीवर सातला आली तर उभं ऱ्हायला जागा मिळंल का तिला? भेळेच्या गाडीवर नंबर लावावा लागंल." आणि चालत येणार कशी, केंदाळात पाय अडकेल, ही दुसरी हरकत.

रंकाळ्याच्या नंदीचा विषय मात्र निराळा. तो नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकतो, तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो आणि ज्या दिवशी मुक्कामाला पोहोचेल त्या दिवशी प्रलय, असं कोल्हापुरात सांगतात. विवेकवादी तात्यांनी ही गोष्ट उडवून लावली नाही. त्यांनी फूटपट्टी काढली. काकूंच्या डब्यातला गहू मोजला, मग तांदूळ, आणि चेहरा गंभीर केला. आजऱ्याचा घनसाळ धरला तर दाणा आखूड, नंदी पुढे जातो, प्रलय ठरलेला. बासमती धरला तर नंदी दररोज मागे चाललाय. तेव्हापासून त्यांच्या घरी बासमतीच येतो. भाव वाढला तरी.

परवा कादंबरी संपली. बाई खरोखरच मेलेली निघाली. काका बिचारा पहिल्यापासून निर्दोष. तात्या दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. लेखकानं भुताची जबाबदारी घेतली नाही, ही त्यांच्या मते सरळ अफरातफर. संध्याकाळी त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि शेवटच्या पानाच्या समासात लिहिलं: 'काकाचा हात असावा. फेरतपास व्हावा.'

वाचनालयाच्या रहस्यकथांत विसाव्या पानावरच खुन्याचं नाव लिहून ठेवणारा माणूस कोण, हे कोडं त्या अक्षरानं सुटलं. तेव्हा आमच्या भागातून रहस्यकादंबरी नेणार असाल, तर सोबत खोडरबर ठेवा. आणि समासातल्या काकावर विश्वास ठेवू नका. तात्यांचा अंदाज माझ्या माहितीत एकदाही बरोबर आलेला नाही.