पूर्ण पाऊस ऐकण्यासाठी सदस्यता घ्या

प्रति,
ध्यानाच्या अ‍ॅपमधल्या आवाजताई,
मुक्काम : आमच्या बँकेच्या प्रत्येक कर्मचाऱ्याचा मोबाइल.

विषय : आपल्या कृपेने वऱ्हाडात पसरलेल्या मनःशांतीबाबत.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, जूनच्या शेवटच्या आठवड्यात दर्यापूर तालुक्यातल्या एका घरी तुम्ही पाऊस पाडलात.

मी वसुलीला गेलो होतो. गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे पेरणीपासून सोंगणीपर्यंत सगळी भिस्त वरच्या पाण्यावर. पहिल्या पावसावर विश्वास टाकून सोयाबीन पेरून झालं होतं आणि त्यानंतर आभाळ जे कोरडं पडलं ते पडलंच. थकीत खात्याचे मालक ओट्यावर, मी बाजेवर, फोन माझ्या शेजारी. काय बोलायचं ते दोघांनाही माहीत असल्यामुळे कुणीच बोलत नव्हतं. तेवढ्यात चार वाजले. ही आमच्या मुख्य कार्यालयानं ठरवून दिलेली मनःशांतीची वेळ. फोनमधून एकदम धो-धो पाऊस सुरू झाला. आतून म्हातारी लगबगीनं उठून अंगणात आली, कुटार झाकायला. वर बघते तर रखरखीत ऊन.

"पानी आला वाटते म्हनून निंगाली मी," ती म्हणाली. मग माझ्या फोनकडे पाहिलं. "मोबाइलातला व्हय काय? बंद करा साहेब. लेकरं आस लावून बसतीन."

बंद करायची वेळ माझ्यावर आली नाही. तुम्हीच मधाळ आवाजात म्हणालात, की पूर्ण पाऊस ऐकण्यासाठी सदस्यता घ्या.

आवाजताई, बँकेनं आमच्यासाठी तुमची सगळ्यात स्वस्त योजना घेतली आहे. तिच्यात पावसाचा नमुना मिळतो, पाऊस मिळत नाही. हवामान खात्याच्या नावानं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बोटं मोडत आलो. पण त्या खात्यानं निदान पाऊस अर्ध्यावर थांबवून पैसे मागितले नव्हते.

आणि तुमचे ते ढग! रोज सकाळी तुम्ही सांगता, मनातले विचार म्हणजे आभाळातले ढग आहेत, त्यांना येऊ द्या, त्यांना जाऊ द्या, अडवू नका. ताई, ज्या कुणी हे वाक्य लिहिलं त्याच्या गावात नळाला चोवीस तास पाणी असणार. इथं जूनमध्ये आलेला ढग तसाच निघून गेला तर बियाण्याची बॅग पुन्हा आणावी लागते, तिच्यासाठी पुन्हा कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं आणि ते दार बहुतेक वेळा आमच्या बँकेचं नसतं. जाणारा ढग बघून ज्याला शांत वाटतं असा कास्तकार मला मूर्तिजापूरपासून अचलपूरपर्यंत दाखवा, मी तुमची वर्षाची वर्गणी भरतो. ढग अडवता येत नाहीत म्हणून तर इथल्या माणसाची झोप उडते. त्या झोपेवर औषध म्हणून तुम्ही ढगच घेऊन आलात.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. समुद्रकिनाऱ्यावर पहुडल्याची कल्पना करा म्हणता. आमच्यापासून समुद्र रेल्वेच्या एका रात्रीवर आहे आणि तिथं जाणारा माणूस मंत्रालयात कागद द्यायला जातो. गार वाऱ्याची झुळूक अनुभवा म्हणता. २०२४ च्या मे महिन्यात उष्णतेपायी अकोला जिल्ह्यात १४४ कलम लावावं लागलं होतं. तुमचं मराठी ऐकून आमचा शिपाई विचारतो, ही बाई बिमार आहे काय. आणि खोल श्वास! २०१७ च्या फवारणीच्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना श्वासातून आणि कातडीतून विष अंगात जाऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले. बहुतेकांच्या तोंडावर साधा मास्क नव्हता. त्यांना श्वासाचं तंत्र शिकवायला कुणी आलं नव्हतं ते बरंच झालं.

श्वासाशी माझं भांडण नाही. दहा मिनिटं डोळे मिटून बसल्यानं कुणाला बरं वाटत असेल तर वाटो. पण हे पत्र न्यायनिवाड्याचं नाही, त्यामुळे तुमची बाजू तुमची तुम्ही मांडा.

शाखेत तुमचं काय चाललंय तेही कळवतो. प्रत्येकानं रोज किती मिनिटं ध्यान केलं याचा स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाकायचा असतो. ज्या शाखेची मिनिटं कमी भरतात तिला खुलासा मागतात. पीककर्जाचं नवं-जुनं करायला बाहेर रांग लागलेली, सातबारे उलटसुलट झालेले, सर्व्हर पडलेला. अशा वेळी आमच्या रोखपाल मॅडम तुम्हाला सुरू करून ड्रॉवरमध्ये ठेवून देतात. आमचा स्टेपलर आणि 'रोख मिळाली'चा शिक्का सध्या फार वरच्या अवस्थेला पोचलेले आहेत. आज कसं वाटतंय, असं विचारून तुम्ही पाच चेहरे पुढे करता. आम्ही सगळे हसरा निवडतो. रडका निवडला तर तो वरच्या साहेबांना दिसतो की नाही, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. अमेरिकेत ऑनलाइन मनोपचार देणाऱ्या एका बड्या कंपनीनं ग्राहकांची माहिती जाहिरातवाल्यांना पुरवली म्हणून २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर मोजावे लागले, हे आम्ही वाचलेलं आहे. तेव्हा आमची शाखा आनंदात आहे, असंच वर कळवा.

वऱ्हाडाला ध्यान शिकवायला निघालात, त्याचंही कौतुक. गुरुकुंज मोझरी तुमच्या नकाशावर नसेल. अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की येतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी लावून दिलेलं पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आमच्या कितीतरी गावांत आजही चालते. पासवर्ड नाही, वर्गणी नाही. भोंगा जरा मोठा असतो, हे कबूल. पण तिथं एखादा माणूस दोन-चार दिवस दिसला नाही तर त्याच्या फोनवर सूचना जात नाही, शेजारचा माणूस त्याच्या घरी जातो. आणि इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेलं, तर आधी फोनच जमा करून घेतात. तुमची तिथं काय सोय होईल ते बघा.

आता जरा बसून ऐका. तुमच्या आधी इथं बरंच काही येऊन गेलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी २००६ च्या जुलैत पंतप्रधान आले, विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज देऊन गेले. मिशनं आली, समुपदेशनाचे प्रकल्प आले. त्यात एक काम असं झालं, ज्याचं नाव इथल्या माणसाला माहीत नाही आणि बाहेरच्या डॉक्टरांना माहीत आहे. 'विश्राम' त्याचं नाव. अमरावती जिल्ह्यातली तीस गावं. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं. ती लोकांच्या ओट्यावर जाऊन बसत, झोप लागते का, जेवण जातं का, असं विचारत. ज्याला गरज त्याला समुपदेशकाकडे नेत, त्याहून जास्त गरज असेल तर डॉक्टरकडे. दीड वर्षानं मोजलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण कुणाकडे मदत मागायला जात होते. नंतर सत्तावीस जाऊ लागले. मरणाचे विचार मनात येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त हे छापून आलं.

म्हणजे काय करायचं हे ठाऊक आहे. ते याच मातीत करून, मोजून, छापून झालेलं आहे. त्याला लागतो माणूस, त्याचा पगार, एक दुचाकी, महिन्यातून ठरल्या दिवशी येणारा डॉक्टर. आणि हे सगळं ठाऊक असताना वातानुकूलित खोलीत बसलेल्या कुणीतरी ठरवलं, की माणूस महाग पडतो, आवाज स्वस्त पडतो! ज्यांनी एका शाखेत चौघांचं काम दोघांवर टाकलं, ज्यांनी सकाळच्या बैठकीत "किती आणले?" एवढाच प्रश्न विचारला, ज्यांनी आम्हाला उन्हातान्हात त्या ओट्यावर बसवलं, त्यांनीच तुम्हाला आमच्या गळ्यात बांधून दिलं. म्हणजे बिघाड आमच्या फुप्फुसात आहे, त्यांच्या उद्दिष्टात नाही. लाज वाटली पाहिजे. तुम्हाला नव्हे, ताई. त्यांना.

तुमचं दुखणं मला हळूहळू कळायला लागलंय. रात्री साडेनऊला तुमचा निरोप येतो, "तुमची साखळी तुटणार आहे." दुसऱ्या दिवशी, "आम्हाला तुमची आठवण येतेय." तिसऱ्या दिवशी सवलत. हा चढता क्रम माझ्या ओळखीचा आहे. आधी गोड फोन, मग आठवणपत्र, मग एकरकमी परतफेडीची सूट. तूही वसुलीवरच आहेस, बाई! तुझ्याही डोक्यावर कुणीतरी बसलाय आणि रोज विचारतोय, किती टिकले. मानसिक आरोग्याच्या ९३ अ‍ॅपांचा एक अभ्यास २०१९ मध्ये झाला होता. उतरवून घेणाऱ्या शंभरांतले महिनाभरानं अ‍ॅप उघडणारे साधारण तीन उरतात. आमच्या सगळ्यात बुडीत गावाची वसुली याच्याहून बरी आहे. मग तू पाऊस कुलपात घालणार नाहीस तर काय करशील? आमच्या भागात कधी आलीस तर शाखेत ये. फील्डवरच्या माणसाला चहा आम्ही विचारतोच.

येताना एवढं करून ये. ४४४ नं सुरू होणाऱ्या पिनकोडांवर जून ते सप्टेंबर पावसाचा आवाज बंद ठेव, नमुनासुद्धा नको. ढगांचं वाक्य काढून टाक. आणि तुझ्या पहिल्या पडद्यावर ते जे कमळ उमलतं ना, त्याच्या जागी ठळक आकड्यांत १४४१६ लिही. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट. पलीकडे जिवंत माणूस असतो आणि तो मराठीत बोलतो. तू एवढ्या लोकांच्या उशाशी असतेस. हा आकडा कुणाला कधी लागेल ते तुलाही सांगता यायचं नाही.

कळावे,
आपला (आजची सात मिनिटे थकीत असलेला),
एक क्षेत्रीय अधिकारी, कृषी कर्ज

प्रत माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी : मनुष्यबळ विभाग, मुख्य कार्यालय. शाखेतल्या दोन रिकाम्या जागा भराव्यात. स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. तो स्टेपलरचा आहे.