रात्री नाल्यात टँकर रिकामा करणाऱ्या साहेबांस

साहेब, तुमची चिकाटी मानली पाहिजे. पावसाची झड लागून बोईसरची वीज गेली रे गेली, की तुमचा टँकर तारापूर एमआयडीसीच्या मागच्या नाल्याशी हजर! दिवे बंद, पाइप पाण्यात, क्लीनर बिडी ओढत पहाऱ्याला. सकाळी नाला तांबूस आणि काठाला बोटभर फेस.

कुणी हटकलं, तर तुमचं उत्तर तयार: "अहो, एवढा समुद्र पडलाय, त्यात आमचं थेंबभर कुठे दिसतंय!"

त्या थेंबाचाच हिशेब करू. तुमची सात वर्षांची नात घ्या. या वयात रक्तातलं इस्ट्रॅडिऑल हे हार्मोन मिलिलिटरला साधारण 10 पिकोग्रॅमच्या आतच असतं. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा, त्यातला एक म्हणजे पिकोग्रॅम. असल्या मापावर ठरतं, छाती कधी भरणार, पाळी कधी येणार, उंची कुठे थांबणार. मुलगी 8 च्या किंवा मुलगा 9 च्या आत वयात येऊ लागला, तर डॉक्टर तपासण्या लिहून देतात. आणि काही परकी रसायनं हार्मोनचं सोंग घेऊन याच कारभारात घुसतात.

कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी 2001 पासून तीन उन्हाळे ओंटारियोतल्या एका तळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं इथिनिलइस्ट्रॅडिऑल सोडलं. लिटरला जेमतेम 5-6 नॅनोग्रॅम. मिनो जातीच्या नर माशांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं आणि पुढे तळ्यातून ती जातच जवळजवळ संपली. त्यांनी मोजून ओतलं आणि निकाल छापला. तुम्ही मोजतही नाही, छापतही नाही. केवढा हा विनय!

तुमच्या टँकरात तेच असतं, असं मी म्हणत नाही. तारापुरात औषधं बनतात, रंग बनतात, कीटकनाशकं बनतात. आत काय आहे ते तुम्हीच जाणता.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुण घेऊन देशात पहिलं आलं. आमच्या पोरांना दहावीला एवढे पडले असते, तर चौकात बॅनर लागला असता. 2016 मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात गेली, 2022 मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांना दंड ठोठावला. तुमच्या खेपा चालूच.

एक विनंती. पुढच्या खेपेला त्यातलंच बाटलीभर घरी न्या आणि नातीच्या दप्तराशेजारी ठेवा. झाकण सैल असलं तरी चालेल. थेंबभर सांडलं, तर कुठे दिसतंय?